सोळा रिकामी घरं

डुलुथला ऑगस्टातही संध्याकाळी स्वेटर लागतो.
सरोवरावरची हवा
बंदरातल्या जुन्या धान्यगोदामात शिरते,
स्टँडवरचे कागद उचलू पाहते,
म्हणून मी कपड्यांचे चिमटे आणलेत,
दोन डझन, लाकडी.

माझं काम कागदाचं.
ऑर्केस्ट्राच्या भाड्याने आलेल्या प्रती मोजायच्या,
गज इथे वर, इथे खाली,
ते एकीवरून बाराजणींवर उतरवायचं,
महोत्सव संपला की सगळं खोडून
सोमवारच्या टपालाने परत.

यंदा सिंफनीच्या पोटात जॅझ आहे.
तिसऱ्या भागात, सॅक्सोफोनच्या पानावर
सोळा घरं रिकामी.
वर चार-दोन अक्षरं, वाण्याच्या यादीसारखी,
आणि तिरक्या रेघा.
मला वाटलं छपाईत राहिलं.
प्रकाशकाला फोनसुद्धा केला.

लुशस ट्रेमेन हसले नाहीत.
सत्तरीचे, सेंट पॉलहून बसने आलेले.
म्हणाले, अहो, तेवढंच तर माझं आहे.
बाकीचं सगळं तुमचं.

बाबा इचलकरंजीला लग्नाच्या बँडमध्ये
क्लॅरिनेट वाजवायचे.
लाल कोट, दोन बटणं दुसऱ्याच कोटाची.
हातात कागद फक्त बिदागीच्या वेळी.
मी विचारलं होतं, नवरदेवाचा घोडा
भर चौकात अडला की काय करता?
अडू दे की.
त्याच चार ओळी फिरवायच्या,
दर खेपेला जरा वाकवून.
घोड्याला कळता कामा नये
आपण त्याच्यासाठी थांबलोय.

शनिवारी, नवव्या घरात, जहाजाने भोंगा दिला.
एक लांब, दोन आखूड.
आणि पुलाने, रीतच आहे ती,
तस्साच परत दिला.
गोदामाचे पत्रे थरथरले. कुणीतरी हसलं.
इन्ग्रिड हॅल्वर्सनचा हात वरच राहिला
आणि मी मनात म्हटलं, अडलं घोडं.

लुशसनी सॅक्सोफोन तोंडातून काढला.
ऐकलं.
मग तोच स्वर घेतला, खालून, घासत,
पेटीच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत कुठेतरी असलेला,
आणि तिथेच मुक्काम केला.
सोळावं घर आलं, गेलं.
सतरावं कागदावर नव्हतंच.

इन्ग्रिडचा डावा तळवा उघडला: धरून ठेवा.
व्हायोलिनांनी धरलं.
बोटांवर मात्रा मोजणारे ट्रंपेटवाले
बोटं विसरले.
आणि व्हायोलांच्या शेवटच्या रांगेत
वॉल्टर लिंडक्विस्ट, एकतीस वर्षं नोकरी,
पेन्सिलीची खूण केल्याशिवाय श्वासही न घेणारा,
त्याने गज मांडीवर ठेवला
आणि बोटाने तार छेडली.
एकदा.
मग, जरा थांबून, पुन्हा.

किती वेळ, सांगता येणार नाही.
मोजणं माझं काम होतं.
पूल खाली बसला, पलीकडे गाड्या सुटल्या,
आणि सगळे एकदम एका जागी येऊन पडले.
त्या जागेला आमच्यात सम म्हणतात
हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

रविवारी रात्री स्वयंपाकघराच्या टेबलावर खोडरबर.
चष्म्याची चित्रं, म्हणजे इथे वर बघ.
हळू. आणखी हळू.
बासूनच्या पानावर: दूध, मांजराचं औषध.
वॉल्टरच्या पानावर, समासात,
धुराच्या नळकांड्याची एक बोट,
तिसरीतल्या पोराने काढावी तशी,
खाली वेळ, आठ बावन्न.

नियमाप्रमाणे खोडली. भुगा फुंकला.
फार दाबून लिहितो तो;
पान दिव्याखाली तिरकं धरलं
की दिसते अजून.

पार्सलवर पत्ता घातला.
चिमटे मोजले, तेवीस भरले.
परत मोजले नाहीत.